तोल

"गेनू, तुझा हात बरोबर पाहिजे," शेठ म्हणाले.
मला वाटलं, बेडगीचा सौदा असेल.
गाडी वाशीहून ऐरोलीमार्गे ठाण्याला लागली
आणि शेठ सगळी वाट मागचा आरसा बघत बसले.
जानेवारीत तुर्भ्याच्या पुलाखाली
मुनीमजींची बॅग गेली होती, आणि तीन बोटांची नखं.

जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत, घड्याळवाल्याच्या माडीवर,
जाळीमागे सुखटणकरांचं दुकान.
हिरव्या बनातीवर त्यांनी तीन पिस्तुलं मांडली,
तोंडं भिंतीकडे.
"तिन्ही रिकामी," म्हणाले,
आणि आम्ही मान डोलावली तरी
परत एकदा उघडून दाखवली.

पहिलं पोलादाचं. ते राहू दे.
शेठच्या पोटावर तांब्या बांधल्यागत दिसेल.

उरली दोन. सांगाडा पॉलिमरचा.
"म्हणजे शेवटी प्लास्टिकच हो,
पण डब्याचं नव्हे, हेल्मेटच्या जातीचं.
घामाला दाद देत नाही. खाडीच्या हवेलाही नाही.
नळी मात्र पुसावी लागेल, ती लोखंडच आहे."

एक स्वस्त. मूठ आखूड,
करंगळीला जागाच नाही,
ती खाली लोंबते,
सुटलेल्या टेम्पोला मागून धरलेल्या हमालासारखी.
खटका जड, ओढताना मध्येच अडून विचार करतो.
दुसरं पंधरा हजारांनी वर, बोटभर लांब,
पण मुठीत असं येतं
की जुन्या गिऱ्हाइकानं हात मिळवावा.

"गेनू, वजन?"
मी डोळे मिटले.
एकतीस वर्षं मसाला मार्केटात तोलारी केली.
काट्याच्या आधी माझा तळवा सांगतो
वेलदोडा कोरडा की पाणी मारलेला.
"हे साडेपाचशे, पाच-दहा इकडेतिकडे.
ते सहाशे चाळीस."
सुखटणकरांनी पुस्तिकेत पाहिलं, मग माझ्याकडे.
"आणि भरल्यावर?"
ते नाही सांगता येणार, साहेब.
तो जिन्नस माझ्या हातून गेला नाही.

शेठनी सफारी वर करून आरशासमोर दोन्ही खोचून बघितली.
पुढून, बाजूनं, वाकून, चपलेचा पट्टा लावून.
"लांबी लपते, जाडी लपत नाही," सुखटणकर म्हणाले,
"आणि सारखा कमरेला हात लावणारा माणूस
अजिबात लपत नाही."

मग शेठनी सवयीनं हात पुढे केला, वर रुमाल टाकला,
खालून दोन बोटं दाबली.
सुखटणकरांना ती भाषा येत नव्हती.
ते नुसते हात धरून उभे राहिले.

स्वस्तातलंच घेतलं. रोज अंगावर राहील ते खरं, म्हणाले.
आठ महिने राहिलं.
गादीवर मांडी घालणं सुटलं, खुर्ची आली.
नात डाव्या मांडीवर बसायला शिकली.
उजवा खांदा जरा उतरला,
हे फक्त मी बघितलं,
कलता काटा बघायचीच मला सवय.
मोटारसायकली आल्या, गेल्या.
त्यातली एक पाववाल्याची निघाली.

मग निवडणूक लागली.
पोलीस ठाण्यातून कागद: हत्यार जमा करा.
शेठनी केलं, पावती घेतली,
चारदा घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

त्या संध्याकाळी गाळा बंद करून निघालो.
पार्किंगच्या अलीकडे, जिथे दिवा जात-येत असतो,
शेठचा हात कमरेकडे गेला
आणि तिथेच राहिला.
थोडा वेळ कुणी बोललं नाही.
धण्याच्या गोणीवर मांजर झोपलं होतं.

"गेनू," शेठ म्हणाले,
"तू जरा या बाजूनं चाल."

निकाल लागून महिना झाला.
पिस्तूल परत आलं, तिजोरीत आहे.
मी अजून त्याच बाजूनं चालतो.
अठ्ठावन्न किलो, पोत्यासकट नव्हे.
सदऱ्याखाली मावत नाही.